धुरीची पेटी

“पेटी आज उघडायची नाही, बाई. हुकूम आहे,” धोंडू शिपाई म्हणाला आणि त्याने किल्ली कनवटीला खोचली.

“कोणाचा हुकूम?”

“रावसाहेबांचा.”

“अरे, विमान आजच येतंय ना? मग आज नाही तर कधी उघडणार?”

धोंडूने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गडग्यापलीकडे उभा होता, मी अलीकडे. माझ्या मागे आश्रमातली माणसं अंगणात उतरली होती. सगळ्यांनी त्या दिवशी धुतलेले कपडे घातले होते. बायकांनी वेण्या घातल्या होत्या. ज्यांना बोटं नव्हती त्यांच्या वेण्या दुसऱ्यांनी घातल्या होत्या.

“मला विचारू नका,” धोंडू म्हणाला. “मी सांगितल्या कामाचा माणूस.” आणि तो वाळूच्या वाटेने जवळजवळ पळतच निघून गेला.

मी तेव्हा खारवलीच्या महारोगी आश्रमात परिचारिका होते. नगरला शिक्षण पुरं केलं आणि जिथे दुसरी कोणी जायला तयार नव्हती तिथे मला धाडलं. सलोमी रणपिसे हे माझं नाव, पण आश्रमात सगळे मला नुसतं ‘बाय’ म्हणत. आश्रम गावाबाहेर, समुद्राच्या अगदी काठाला होता. चारी बाजूंनी दगडी गडगा, एकच फाटक, आणि फाटकाशेजारी गडग्यात बसवलेली ती पेटी.

तसली पेटी मी आधी कुठे पाहिली नव्हती, नंतरही नाही. आतल्या बाजूने एक फट. तिच्यातून पत्र टाकलं की ते तारेच्या जाळीवर पडायचं. जाळीखाली एक लोखंडी घमेलं. आठवड्यातून एकदा धोंडू बाहेरचं दार उघडून त्या घमेल्यात गंधक पेटवायचा, दार लावून घ्यायचा, आणि धूर निवला की चिमट्याने एकेक पत्र उचलून थैलीत टाकायचा. मग ती थैली पोस्टात जायची. गावातली लाल पेटी पोस्टाची होती. ही आमची पेटी नगरपालिकेने बांधली होती, किल्लीही नगरपालिकेचीच. चुकून कोणी गावकऱ्याने तिच्यात पत्र टाकू नये म्हणून तिला चुना फासून वर काळी फुली मारली होती. गावात तिला ‘धुरीची पेटी’ म्हणत.

कागदाने हा रोग पसरत नाही. हे मी समितीला सांगितलं होतं, तोंडी आणि लेखी. रावसाहेब म्हणाले होते, “बाई, शास्त्र तुमचं बरोबर असेल, पण गाव आम्हाला चालवायचं आहे.” धुरीने कागद पिवळा पडायचा आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. पत्र ज्याच्या हाती पडायचं त्याला फोडायच्या आधीच कळायचं, कुठून आलंय ते. पुष्कळ जण फोडतच नसत.

रावसाहेब मुजुमदार म्हणजे नगरपालिकेचे अध्यक्ष आणि आश्रमाच्या समितीचेही. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. विमान खारवलीत आणायची कल्पना त्यांचीच. तेव्हा विमानाने टपाल जायला नुकती सुरुवात झाली होती. मुंबई-कराचीचं लोकांनी ऐकलं होतं, पण डोळ्यांनी कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या किनाऱ्याची वाळू ओहोटीला फरशीसारखी घट्ट होते. तिथे एक लहानसं विमान उतरवायचं, गावाचं टपाल त्यात घालून मुंबईला धाडायचं, तिथून ते पुढे कराचीपर्यंत उडत जाईल, असा बेत होता. त्यासाठी रावसाहेबांनी बाजारात एक खास पेटी बसवली होती. होड्या बांधणाऱ्या सुतारांकडून करून घेतलेली, निळ्या रंगाची, दोन्ही बाजूंना पंख आणि पुढे फिरतं पातं. लोक ती बघायला आसपासच्या गावांतून येत.

आणि एक दिवस रावसाहेब स्वतः आमच्या फाटकाशी आले. बरोबर मुंबईच्या वर्तमानपत्राचा माणूस होता. नाकाला रुमाल लावून, बऱ्याच अंतरावरून रावसाहेब मोठ्याने म्हणाले, “खारवलीचं विमान सगळ्या खारवलीचं आहे. तुम्हीही पत्रं लिहा. तुमचीही पत्रं उडतील. तिकिटं समिती देईल.”

त्या माणसाने ते लिहून घेतलं. गडग्याआडून आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत नव्हत्या बऱ्याच जणांच्या, पण वाजवल्या.

मग सगळे लिहायला बसले. म्हणजे मी लिहायला बसले आणि ते सांगायला. ज्याने वर्षानुवर्षं घराचं नाव काढलं नव्हतं त्याला सगळी आठवण आली. भागोजी तांडेल म्हणून एक म्हातारा होता, एके काळी स्वतःचं गलबत मंगळुरापर्यंत नेणारा. त्याने भावाला लिहिलं, की माझ्या वाट्याचा आंबा तोडू नकोस. आवडाबाईने मुलाला लिहिलं. मुलगा कराचीला गोदीत कामाला होता. तो लहान असताना तिला इथे आणून सोडलं होतं. त्याचं लग्न झाल्याचं कोणाकडून तरी उडत उडत तिच्या कानावर आलं होतं.

“काय लिहू?” मी विचारलं.

ती कागदाजवळ सरकली. मग म्हणाली, “लिही, सुनेचं नाव काय ठेवलंस? तेवढं कळव. मी येणार नाय, बोलवू नको. फक्त नाव कळव. दिवा लावताना सगळ्यांची नावं घेते, तिचं तेवढं राहतंय.”

बस. एवढंच पत्र. ते तिने दोन्ही पंजांच्या मध्ये धरून स्वतः पेटीत टाकलं. मला टाकू दिलं नाही.

आणि आता धोंडू म्हणत होता, पेटी उघडायची नाही.

मी वळले तर सगळे माझ्याकडे बघत होते. “विसरले असतील,” कोणीतरी म्हणालं. “मोठी माणसं, कामं काय थोडी आहेत त्यांना?”

“विसरले असले तर आठवण देऊ,” भागोजी म्हणाला. “आपणच जाऊ पुळणीवर. लांब उभं राहू. सांगू, पेटी उघडा म्हणून. त्यात काय?”

दिवसाउजेडी फाटकाबाहेर पडायचं नाही असा आश्रमाचा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे बघणं माझं काम होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फाटकाची कडी काढली.

किनाऱ्यावर जत्रा भरली होती. सुरूच्या झाडांना पताका, मंडपात खुर्च्या, शाळेची मुलं ओळीने उभी. विमान आधीच उतरलेलं होतं. पाण्यापासून थोड्या अंतरावर, घट्ट वाळूवर, ते चतुर किड्यासारखं उभं होतं, आणि रावसाहेब मंडपात भाषण करत होते. आम्ही फाटकातून निघालो ते रांगेने, बायका पुढे, काठ्या टेकणारे मागे. मंडपापासून बऱ्यापैकी लांब थांबलो. तरी पण आधी एक बाई किंचाळली, मग पोरं पळाली, आणि बघता बघता अर्धी जत्रा सुरूच्या बनात जाऊन उभी राहिली. खुर्च्या उलट्या झाल्या. आमच्यातला एकही माणूस एक शब्द बोलला नव्हता.

मी एकटी मंडपापर्यंत गेले.

“रावसाहेब, आश्रमाची पेटी उघडलेली नाही. पत्रं आत तशीच आहेत. धोंडूला किल्ली घेऊन पाठवा, मी स्वतः थैली घेऊन येते.”

रावसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आवाज खाली आला. “बाई, ही काय वेळ आहे? यांना आधी आत न्या. पाहुणे आहेत.”

“पत्रं घेतली की नेते.”

“विमानाला वजनाची मर्यादा असते. कळतंय का तुम्हाला? पुढच्या खेपेला बघू.”

“पुढची खेप आहे?”

मुंबईहून आलेला एक पाहुणा रुमालाने मान पुसत होता. तो म्हणाला, “रावसाहेब, त्या लोकांची पत्रं आमच्या टपालात नाहीत असं तुम्ही सांगितलं होतंत.”

“नाहीतच,” रावसाहेब घाईने म्हणाले. “एकही नाही. मी शब्द दिला होता.”

म्हणजे हे विसरणं नव्हतं. मला पुढे पुष्कळदा राग आला आहे आयुष्यात, पण त्या दिवशीचा राग मला अजून अंगावर आठवतो. कानशिलं तापतात, दात आवळले जातात.

“तुम्ही आमच्या फाटकाशी येऊन काय बोललात?” मी ओरडले. “वर्तमानपत्रात काय छापून आणलंत?”

“तेच नडलं ना!” रावसाहेबही आता चिडले. “ते छापून आलं आणि बाजारातल्या निळ्या पेटीत लोक पत्र टाकेनात. टाकलेली परत मागायला आले. महारोग्यांच्या पत्रांबरोबर आमची एका थैलीत नकोत म्हणाले. मी काय करायचं? विमान रिकामं धाडायचं? हवालदार, यांना हटवा.”

हवालदार मोरे माझ्या अंगावर आला नाही. तो आमच्या लोकांकडे बघत होता. तोवर त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवडाबाई पुढे चालत आली, विमानाच्या नाकासमोर थोडं अंतर ठेवून गेली आणि ओल्या वाळूवर मांडी घालून बसली. तिच्यामागे भागोजी बसला. मग एकेक करून सगळे.

“उठवा त्यांना!” रावसाहेब म्हणाले.

“कसं उठवू, साहेब?” हवालदार म्हणाला. “हात कोण लावणार?”

कोणीही लावला नाही. कोणीतरी होडीची लांब वल्ही आणली. दोन माणसं वल्ह्याच्या टोकाने आमच्या एका म्हाताऱ्याला ढोसायला लागली, जनावराला ढोसतात तसं. मी ते वल्हं दोन्ही हातांनी धरलं आणि हिसकलं. पुढचा माणूस तोंडावर पडला. मग कोणी दुसरं वल्हं उचललं नाही.

एवढ्यात वैमानिक मंडपातून बाहेर आला. लोबो त्याचं नाव. गोव्याकडचा, तरुण, उन्हाने रापलेला. तो सरळ माझ्याकडे आला.

“सिस्टर, ह्या माणसांना काय पाहिजे?”

“त्यांची पत्रं तुमच्या विमानात पाहिजेत. वचन दिलं होतं.”

“किती वजन होईल?”

“एका पंच्यात बांधता येतील एवढी आहेत.”

त्याने रावसाहेबांकडे पाहिलं. “मग आणा की. मला काय त्रास आहे? पाणी भरायला लागलंय, लवकर करा.”

रावसाहेब तयार होईनात. पाहुणे तयार होईनात. बोलाचाली सुरू झाली, हा त्याला समजावतो, तो याला. लोबो पुन्हा पुन्हा समुद्राकडे बघत होता. भरती लागली होती. आमचा किनारा उताराचा नाही. पाणी तिथे लाटांनी येत नाही, पसरत येतं. मंडपातल्यांना कळलं तेव्हा ते विमानाच्या चाकांना लागलंही होतं. आमच्या लोकांच्या मांड्यांखालून ते पलीकडे गेलं. कोणी हललं नाही.

लोबो धावला. विमान बाजूने वळवून काढायला त्याने इंजिन सुरू केलं, पण वाळू ओली होऊन बसकली होती आणि चाकं रुतली होती. पातं गरगरलं, पाणी उडालं, विमान हललं नाही. त्याने खाली उडी मारली आणि टपालाची थैली काढून किनाऱ्यावर फेकली. “दोर आणा! माणसं आणा! वर ओढायला पाहिजे, नाहीतर गेलं!”

होड्यांचा जाड दोर आला. चाकांच्या दांड्याला बांधला. पण ओढणार कोण? अर्धा गाव बनात पळाला होता आणि तिथून पुढे यायला तयार नव्हता, कारण दोराच्या वाटेवर आमची माणसं बसलेली. हवालदार, वल्हीवाले, मंडपातले चार जण यांनी ओढून पाहिलं. विमान हातभर आलं आणि पुन्हा रुतलं. पाणी घोट्यापर्यंत आलं.

तेव्हा रावसाहेब, चपला हातात घेऊन, धोतर वर धरून, आमच्या लोकांपाशी आले. इतक्या जवळ ते कधीच आले नव्हते.

“उठा,” ते म्हणाले. “दोराला हात लावा. तुमची पत्रं जातील. मी सांगतो ना!”

“तेव्हा पण सांगितलं होतंत,” आवडाबाई म्हणाली.

“देवाशपथ सांगतो. भैरीची शपथ. ही बाई जाईल आणि पत्रं घेऊन येईल. विमान वर काढा, पत्रं त्यात घालू. तुमच्या डोळ्यांसमोर घालू.”

भैरी खारवलीचं ग्रामदैवत. त्याची खोटी शपथ कोणी घेत नाही अशी तिकडे समजूत. आमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भागोजी उठला. “चला,” तो म्हणाला. “विमान पोराचं आहे, त्याची काय चूक? आणि शपथ घातलीय.”

ते उठले आणि दोराकडे गेले. त्यांचे हात दोराला लागले मात्र, मंडपातल्या माणसांनी दोर टाकून दिला. हवालदारही बाजूला झाला. राहिला फक्त लोबो. तो सगळ्यांत पुढे होता, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, नुसतं ओरडला, “ओढा रे!” ज्यांना बोटं होती त्यांनी मुठीत धरला. ज्यांना नव्हती त्यांनी दोर काखेत घेतला, कमरेला घेतला. आवडाबाईने तो आपल्या दंडाला वेढून घेतला. भागोजीने हाळी दिली, गलबत ओढताना देतात तशी, आणि विमान हललं. खरंच हललं. बनातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“धोंडू, किल्ली!” मी ओरडले. धोंडू दिसला नाही. मी आश्रमाकडे धावत सुटले.

पेटी बंद होती. मी गडग्यातला एक दगड काढला आणि कुलपावर घातला. कुलूप मजबूत होतं, पण दाराची लाकडी फळी खाऱ्या हवेने पोखरलेली होती. तीच फुटली. मी आत हात घातला. जाळीवर काही नव्हतं. घमेल्यात मात्र काठोकाठ राख होती. गंधकाची राख पिवळट असते. ही काळी होती, पापुद्र्यांची. एका पापुद्र्यावर अर्धवट जळलेलं तिकीट होतं.

“मी केलं नाही, बाई. करायला लावलं.”

धोंडू गडग्याच्या सावलीत बसला होता. तो तिथेच येऊन लपला होता.

“कधी?”

“परवा. रावसाहेब समोर उभे होते. म्हणाले, आज धुरी जरा जास्त दे. मी गंधक टाकलं तर म्हणाले, घासलेटही टाक. मी म्हटलं, साहेब, जळतील. तर म्हणाले, तेच सांगतोय.” तो रडायला लागला. “माझ्या मुलाबाळांची शपथ, मी एक पत्र चिमट्याने बाजूला काढत होतो, तेही त्यांनी परत टाकायला लावलं.”

परवा. आणि काल त्याच रावसाहेबाने फाटकाबाहेर उभं राहून पताका कुठे लावायच्या ते सांगितलं होतं, आणि आमच्या बायकांनी आतून त्याला नमस्कार केला होता. आणि आज, आत्ता, घोटाभर पाण्यात उभं राहून त्याने देवाची शपथ घेतली होती, जी पत्रं स्वतः जाळली ती पाठवतो म्हणून.

मी ते घमेलं उचललं आणि परत धावले.

पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. विमान अर्ध्या वाटेवर होतं, शेपूट लाटेत वरखाली होत होतं. आमची माणसं दोराला लटकून ओढत होती, तोंडं लाल झालेली. ज्यांच्या हातापायांना संवेदना नसते त्यांना जखम झालेली कळत नाही. कितीतरी जणांच्या हातांतून रक्त येत होतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं. रावसाहेब कोरड्या वाळूवर उभे राहून, “शाबास! शाबास!” म्हणत होते. माझ्या हातातलं घमेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“बाई, नंतर,” ते म्हणाले. “आधी विमान वर येऊ द्या. नंतर सांगा. बाई, ऐका माझं...”

मी त्यांच्या बाजूने पाण्यात गेले. दोरापाशी उभी राहिले आणि घमेलं उलटं केलं. राख पाण्यावर पसरली.

“ही तुमची पत्रं,” मी म्हणाले. “परवाच जाळली. रॉकेल घालून. रावसाहेब तिथे उभे होते. पेटीत काही नाही. आपण इथे आलो तेव्हाही नव्हतं, आणि यांनी शपथ घेतली तेव्हाही नव्हतं.”

हाळी थांबली. सगळे त्या राखेकडे बघत होते. ती त्यांच्या पायांभोवती फिरली, दोराला चिकटली.

पहिला दोर सोडला तो भागोजीने. झटका नाही, शिवी नाही. नुसती मूठ उघडली. मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. दोर ढिला पडला तसं विमान लाटेबरोबर मागे सरकलं.

“अरे ओढा!” लोबो ओरडत होता. “सिस्टर, त्यांना सांगा! माझा काय गुन्हा आहे? मला नव्हतं माहीत!”

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या सगळ्या गोष्टीत मला एकट्या त्याचं वाईट वाटतं, आजही. पण मी सांगितलं नाही. मला ते सांगता आलं असतं आणि त्यांनी माझं ऐकलंही असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आवडाबाई अजून तशीच उभी होती. दोर तिच्या दंडाला वेढलेला. पाणी विमानाला ओढत होतं आणि विमान तिला. एकेक पाऊल ती पुढे खेचली जात होती. मला वाटलं, तिला ओढायचंच आहे.

“बाय,” ती म्हणाली. “माझ्या हाताने सुटत नाय. तू सोडव.”

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग मी दोराचे वेढे काढले, एक, मग दुसरा, आणि दोर पाण्यात टाकला.

लोबो शेवटपर्यंत एकटा ओढत राहिला. मग विमान आडवं झालं, एक पंख लाटेखाली गेला आणि कापड फाटल्याचा मोठा आवाज झाला. तेव्हा हवालदाराने जाऊन त्याला बाहेर काढलं.

रावसाहेब माझ्यापाशी आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “तुम्हाला मी तुरुंगात घालीन,” ते म्हणाले. “एका पत्रासाठी! असल्या लोकांच्या पत्रासाठी!”

मी ते रिकामं घमेलं त्यांच्या पायांशी टाकलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुपारच्या आत मला कामावरून काढलं. वर्तमानपत्रात आलं की अचानक भरती आल्यामुळे विमानाला अपघात झाला. गावाचं टपाल बोटीने मुंबईला गेलं. जिल्ह्याहून एक अधिकारी चौकशीला आला. त्याने आश्रमाच्या लोकांना विचारलं, दोर कोणी सोडला? ते म्हणाले, सगळ्यांनी. त्याने ते लिहून घेतलं. रावसाहेब पुढच्याही निवडणुकीत अध्यक्ष झाले. भैरीने त्यांचं काही केलं नाही. धुरीची पेटी मात्र फळी फुटली तशीच राहिली. तिला नवी फळी लावायला गावातला एकही सुतार गेला नाही आणि आश्रमातलं कोणी तिच्यात पुन्हा पत्र टाकलं नाही. माझ्यानंतर आलेल्या परिचारिकेने मला ते कळवलं. पत्रं मग तीच पोस्टात नेऊन द्यायला लागली, धुरीशिवाय. रावसाहेबांनी तिला हटकलं नाही. आमच्या लोकांना फाटकाबाहेर यायचं निमित्त द्यायची त्यांना पुन्हा हिंमत झाली नाही, असं मला वाटतं.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

माझी ट्रंक भरून झाली होती. बोट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी सगळ्यांच्या जखमा बांधत होते. आवडाबाईच्या दंडाला दोराने सालटं गेलं होतं. पट्टी बांधून झाल्यावर ती उठली नाही.

“कागद आहे?” तिने विचारलं.

“आहे.”

“मग लिही. तू मुंबईला जाशील ना? तिथल्या पेटीत टाक.”

मी कागद घेतला, शाई घेतली. तिचं पहिलं पत्र मला पाठ होतं. मी लिहायला सुरुवातही केली: चिरंजीव जनार्दन यास आशीर्वाद. सुनेचं नाव...

“ते नको,” ती म्हणाली. “खोड ते.”

“मग काय लिहू?”

तिने बांधलेला हात मांडीवर ठेवला. बाहेर अंगणात बाकीचे एकेक करून येऊन बसत होते, आपली पाळी यायची वाट बघत.

“लिही,” आवडाबाई म्हणाली, “तुला लिहिलेलं पत्र जाळलं म्हणून तुझ्या आयशीने आज एक विमान बुडवलं. हे पत्र पोचल्यावर उत्तर आलं नाय, तर ती स्वतः कराचीला येईल.”

मी तिच्याकडे बघत राहिले.

“लिही ना,” ती म्हणाली. “आणि बोलले तसंच लिही. गोड करू नको.”